ओतातला भराव: तोंडी सांगून भागणार नाही

काका, ओतात, म्हणजे पुराचं पाणी जिथं पसरतं त्या सखल जागेत, राजरोस भराव पडतोय आणि नगरसेवक नुसतं 'बघतो' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. अहो, तोंडी सांगून कोण हलतंय? लेखी अर्ज द्या. गट नंबर टाका, डंपर रिकामा होतानाचे फोटो जोडा आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट, पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरात त्याच्या कितीतरी आधी पाणी शिरतं. 2019 ला तर 57 फुटांवर गेलं होतं. ओत बुजवला तर ते पाणी जाणार कुठं, शेजारच्या गल्लीतच ना!

महिन्याभरात हालचाल नाही दिसली तर माहिती अधिकारात भरावाच्या परवानगीची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. परवानगीच नसेल, तर तेही लेखी मिळेल.