‘सिव्हिल हॉस्पिटल’मधलं सिव्हिल : नागरी, मुलकी की नुसतं सिव्हिल?

रानजाई
एका लेखसंग्रहाचा अनुवाद करतेय. विषय आहे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्यात सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या दवाखान्यांचा कारभार : खर्च कोणाचा, तपासणी कोणाची, डॉक्टर कोणाला जबाबदार. एका प्रकरणात ‘सिव्हिल हॉस्पिटल’ चाळीसेक वेळा आलंय. मी ‘जिल्हा रुग्णालय’ केलं होतं. संपादकांनी सगळीकडे ‘नागरी रुग्णालय’ करून परत पाठवलं. मला ते खटकतंय, पण का ते नीट मांडता येत नाहीये. आईला (माहेर सातारा) वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “नागरी म्हणजे नगरपालिकेचं का गं? आम्ही तर सिव्हिलच म्हणायचो.”

मंगळवारी मजकूर द्यायचाय. कोणी मदत कराल का?

शाईदौत
तुमच्या आईंनी नेमकं बोट ठेवलं. आज ‘नागरी आरोग्य केंद्र’ म्हणजे शहरातलं केंद्र, ग्रामीणच्या विरुद्ध. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये तर खेड्यापाड्यातून बैलगाडीत घालून माणसं आणत. तिथे ‘नागरी’ अर्थाचा अनर्थ करतं.

इथलं ‘सिव्हिल’ म्हणजे ‘लष्करी नव्हे ते’. कंपनीच्या काळापासून डॉक्टर मुळात पलटणीसाठी आणलेले. त्यांतले काही मुलकी कामाला उसने दिले जात, आणि लढाई लागली की परत बोलावता येत. जिल्ह्यात असा जो डॉक्टर नेमला तो सिव्हिल सर्जन आणि त्याच्या ताब्यातलं ते सिव्हिल हॉस्पिटल. तेव्हा मराठीत हा भेद सांगणारा शब्द होता, ‘मुलकी’. मुलकी आणि लष्करी ही जोडी आजही तोंडात आहे. माझं मत : मुलकी रुग्णालय.

कृष्णाकाठ
शाईदौत, अर्थ बरोबर, पण शब्द चालणार नाही. आमच्या भागात मुलकी म्हणजे महसूल. गावात मुलकी पाटील वेगळा, पोलीस पाटील वेगळा. सारा गोळा करायचा तो मुलकी. माझे आजोबा ‘मुलकी पास’ होते, म्हणजे मराठी शाळेची शेवटची परीक्षा. ‘मुलकी रुग्णालय’ वाचल्यावर मला तलाठी आठवतो, डॉक्टर नाही.

शाईदौत
म्हणून काय शब्द टाकून द्यायचा? एका ‘सिव्हिल’साठी आपण किती शब्द वापरतो बघा. सिव्हिल कोर्ट दिवाणी, सिव्हिल इंजिनिअर स्थापत्य अभियंता, सिव्हिल राइट्स नागरी हक्क, सिव्हिल सर्व्हंट सनदी नोकर. यातल्या इंजिनिअरचं सिव्हिलसुद्धा मुळात ‘लष्करी नव्हे’ असंच आहे, किल्ले आणि तोफांचे बुरूज बांधणाऱ्यांपासून वेगळं. प्रत्येक ठिकाणी संदर्भ बघून शब्द निवडलाय. इथेही निवडावा.

निर्मळ
मला एक कळत नाही. ‘रुग्णालय’सारखा स्वच्छ शब्द असताना दोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबाची पाटी कशाला जपायची? ‘शासकीय रुग्णालय’ म्हणा. सर्वांना कळतं, आपलं आहे. सिव्हिल, कॅज्युअल्टी, वॉर्ड असं बोलत राहिलो म्हणूनच आजारी माणसाला स्वतःच्या आजाराबद्दल स्वतःच्या भाषेत विचारता येत नाही. मी हे अनुभवलंय. वडील अतिदक्षता विभागात होते, तेव्हा कागदावरचं एक वाक्य समजून घ्यायला मी तीन जणांकडे फिरलो.

रानजाई
निर्मळ, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा मनापासून पटतो. पण या लेखात ‘शासकीय’ घातलं तर लेखाचा कणाच मोडतो. त्यातला सगळा वाद हाच आहे की कुठला दवाखाना किती सरकारी. जमशेटजी जीजीभाईंनी १८३८ मध्ये एक लाख रुपये देऊ केले ते कंपनीनेही तेवढीच रक्कम घालावी या अटीवर. १८४३ मध्ये पायाभरणी, १८४५ मध्ये मुंबईत जे. जे. दवाखाना सुरू. नाव दात्याचं, कारभार सरकारचा. पुण्याचं ससून (१८६७) तसंच, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. तालुक्याचे दवाखाने तर आणखी वेगळे. १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला. त्यातून रस्ते आणि शाळा, आणि दवाखान्यांनाही पैसा जायचा. १८८४ नंतर लोकल बोर्डं आली. म्हणजे औषधाच्या बाटलीत शेतकऱ्याचा आणा होता आणि देखरेख मात्र सिव्हिल सर्जनची. हे सगळं ‘शासकीय’च्या एका पोत्यात कसं भरू?

जुना मिश्रक
तुम्ही बाटलीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी तालुक्याच्या दवाखान्यात मिश्रक होतो. हा सरकारी शब्द, लोक कंपाउंडर म्हणत. नोकरीला लागलो तेव्हा माणसं बाटली घरून आणत. रॉकेलची, मधाची, कधी दारूची, धुऊन. लाल मिक्श्चर भरायचं, कागदाची पट्टी दुमडून कात्रीने दोन्ही कडांना खाचा पाडायच्या, ती खळीने बाटलीला उभी चिकटवायची. एक खाच एक डोस. अक्षर न येणारी म्हातारीही चुकत नसे. ती पद्धत आमच्या आधीच्या, त्यांच्याही आधीच्या कंपाउंडरपासून चालत आलेली.

कपाटात एक जुनं शेरेबुक होतं, वाळवी लागलेलं. जिल्ह्याहून साहेब आला की तो त्यात शेरा लिहायचा : साठा मोजला, खाटा पाहिल्या, रजिस्टर बरोबर, विहिरीजवळ घाण. आमच्यापर्यंत तोच रिवाज. ‘सीएस येणार’ म्हटलं की आदल्या रात्री फरशी धुवायची. कागदावर ‘जिल्हा शल्यचिकित्सक’, तोंडात सीएस. सिव्हिल हा शब्द आमच्यासाठी इमारतीपेक्षा त्या माणसाला लागलेला होता.

रानजाई
मिश्रककाका, शेरेबुक! लेखात ‘व्हिजिटर्स बुक’ आहे आणि मी ‘अभ्यागत नोंदवही’ केलं होतं. आत्ताच बदलते. मनापासून आभार.

कृष्णाकाठ
मला खरा आक्षेप ‘शल्यचिकित्सक’ या शब्दावर आहे. सिव्हिल सर्जनमधला सर्जन हा हुद्दा होता. असिस्टंट सर्जन, सर्जन, सर्जन-मेजर, वर सर्जन-जनरल, पलटणीत असतो तसा चढता क्रम. चाकू चालवण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. आमच्या साताऱ्याचंच उदाहरण. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे शरीररचनेचं जगभर चालणारं पुस्तक १८५८ मध्ये निघालं. त्यातली चित्रं काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला आणि १८६० च्या दशकात साताऱ्याचा सिव्हिल सर्जन झाला. तुरुंगाची देखरेखही त्याच्याकडे होती. ही कामं एकाच माणसाकडे देण्याची तेव्हा पद्धतच होती. त्याने नाव मिळवलं ते कुष्ठरोग आणि ‘मदुरा फूट’ या पाय सुजवून पोखरणाऱ्या आजाराच्या अभ्यासाने. त्याला ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ म्हटलं की रोज सकाळी ऑपरेशन करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. चूक एका शब्दाची, चित्र सगळं बदलतं.

निर्मळ
शल्य म्हणजे शरीरात रुतलेलं, सलणारं. सुश्रुतापासूनचा शब्द आहे. हुद्दा त्यांचा होता, तर शब्द आपला का बदलायचा?

कृष्णाकाठ
शब्द बदला म्हणत नाही. हुद्द्याला हुद्दा म्हणा, एवढंच.

वऱ्हाडची
तुम्ही सगळे सिव्हिल सिव्हिल करताय, आमच्याकडे तो शब्दच नाही. अमरावतीत माणूस ‘इर्विनला’ भरती होतो आणि बाई ‘डफरीनला’. नागपूरला मेयो. डफरीन तर आमच्याकडे जवळजवळ सामान्यनाम आहे. आजी म्हणायची, “तुया मायचा जनम डफरीनचा.” ते नाव लेडी डफरीनच्या १८८५ च्या फंडाशी जोडलेलं, बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून काढलेल्या. माझा अंदाज असा, की ‘सिव्हिल’ ही मुंबई इलाख्याची खूण आहे. अहमदाबादला सिव्हिल, बेळगावला सिव्हिल, आणि कराचीलाही सिव्हिल हॉस्पिटलच, कारण सिंध मुंबई इलाख्यात होता. मध्य प्रांत-वऱ्हाडात वेगळी रीत.

पंचगंगा
याला जोड. कोल्हापूर संस्थान, म्हणून आमच्याकडे सिव्हिल नाही. जुनं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, आता सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), पण जुन्या माणसांना विचारा : थोरला दवाखाना! राजाच्या गावात ‘मुलकी की लष्करी’ हा प्रश्न कोणाला पडला नाही, लहान की थोरला एवढंच. इतका देखणा मराठी शब्द दुसरा दाखवा.

कृष्णाकाठ
पण सांगली? तेही संस्थानच, पटवर्धनांचं. तिथे आज ठणठणीत ‘सिव्हिल’ आहे.

पंचगंगा
ते नाव जिल्हा झाल्यावर आलं असावं. संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा (आजचा सांगली) जिल्हा झाला, मग जिल्ह्यासोबत सिव्हिल सर्जन आला आणि त्याच्यासोबत शब्द. मिश्रककाकांचं म्हणणं इथे लागू पडतं : माणसाला चिकटलेला शब्द.

छावणीकर
वऱ्हाडची ताई, इलाख्याचं तुमचं अनुमान मला मान्य नाही. माझे यजमान फौजेत होते, आम्ही बारा वर्षं पंजाबात काढली. तिथे गावोगाव ‘सिविल अस्पताल’ आहे, आणि पंजाब कधीच मुंबई इलाख्यात नव्हता. उलट बिहारकडच्या बायका ‘सदर अस्पताल’ म्हणायच्या.

शाईदौत यांचा अर्थ मात्र मी रोज जगले आहे. छावणीत कोणाला ताप आला की पहिला प्रश्न : “एमएचला नेणार की सिव्हिलला?” एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल. घरकाम करणाऱ्या बाईचं मूल आजारी पडलं तेव्हा एमएचच्या फाटकावर सांगितलं, सिव्हिलला न्या. त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. त्याचा अर्थ होता, ‘तुम्ही आमच्यातले नाही’. तिला कुशीत मूल घेऊन सायकल-रिक्षात चढताना पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. म्हणून म्हणते, ‘नागरी’ लिहू नका. तो फार मऊ शब्द आहे.

रानजाई
छावणीकर, हेच मला म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं.

मांडवी
इतकं बोललात, इस्पितळ कोणीच काढलं नाही? मराठीत या अर्थाचा हा किती जुना पाहुणा! गोव्याहून आला. जुन्या पोर्तुगीजमध्ये ‘एस्प्रिताल’ असंही रूप होतं, त्यावरून आमचं इस्पितळ. जुन्या गोव्यातलं राजाचं इस्पितळ मुख्यतः पोर्तुगीज शिपायांसाठी, जेझुइट पाद्र्यांच्या देखरेखीखाली. पिरार द लावाल नावाच्या फ्रेंच प्रवाशाने १६०८ मध्ये तिथे उपचार घेतले आणि त्याची तोंडभरून स्तुती लिहून ठेवली. म्हणजे इंग्रजांच्या आधीपासून दवाखाना हा पलटणीचाच आहे. घरी आम्ही अजून ‘इस्पितळांत व्हेलो’ म्हणतो.

निर्मळ
इस्पितळातलं ‘तळ’ हे ‘स्थळ’ आहे, असं मला शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं होतं.

मांडवी
गुरुजींबद्दल आदर आहे, पण तो नंतर जोडलेला अर्थ. फार तर ‘ळ’ आपण आपल्या जिभेला मानवेल तसा केला असेल.

शाईदौत
आणि दवाखाना? तो अरबी-फारशी. निर्मळ, तुम्ही तो टाकणार का? ‘थोरला दवाखाना’ देखणा वाटतो तो दवाखान्यामुळेच.

निर्मळ
टाकणार नाही. मुरलेल्या शब्दाला माझा विरोध नाही. पण ‘सिव्हिल’ मुरलेला नाही, तो अडकलेला आहे. बोलणाऱ्यांपैकी कितींना त्याचा अर्थ ठाऊक असतो?

जुना मिश्रक
साहेब, ‘दवाखाना’ म्हणणाऱ्यांपैकी कितींना फारशी येते? खेड्यातली माणसं ‘शिविल’ म्हणतात. ‘शिविलीत न्हेलंय’. शब्दाला स्त्रीलिंग आलं, विभक्ती लागली. आता तो अडकलेला म्हणायचा की मुरलेला?

वऱ्हाडची
आणि ‘धर्मार्थ दवाखाना’? ‘चॅरिटेबल डिस्पेन्सरी’चं ते भाषांतर किती सहज झालंय. भाऊ दाजी आणि त्यांच्या भावाने मुंबईत काढला होता तसा. आता त्याचं ‘धर्मादाय’ झालं. धर्मादाय रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत असा नियम आहे, पण गेल्या वर्षी मावशीसाठी एका मोठ्या रुग्णालयात विचारलं तर काउंटरवरच्या मुलीला तो शब्दच कळला नाही. मला वाटतं ‘धर्मार्थ’ असतं तर कळला असता.

शाईदौत
धर्मार्थ म्हणजे ‘धर्मासाठी’, धर्मादाय म्हणजे धर्मासाठी दिलेला भाग. दुसऱ्यात कायद्याचा वास आहे. यासाठी वेगळा धागा काढा, मोठा विषय आहे.

रानजाई
सगळ्यांचे आभार. चाळीसही ठिकाणी ‘सिव्हिल हॉस्पिटल’ ठेवलंय, पहिल्या वेळी एका वाक्यात ‘म्हणजे लष्करी नव्हे ते, मुलकी’ असा खुलासा. संपादकांचं उत्तर अजून नाही.

पुढच्या प्रकरणात मात्र आणखी अडले. ‘लॉक हॉस्पिटल’चं त्यांनी ‘कुलूपबंद रुग्णालय’ केलंय. १८६८ च्या कायद्याखाली वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी, आजार निघाला तर बरं होईपर्यंत अडकवून ठेवणं. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, १८७२ मध्ये थांबला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये कायमचा गेला.

शाईदौत
तो कुलपाचा ‘लॉक’ नव्हे. लंडनमध्ये १७४७ मध्ये लॉक हॉस्पिटल नावाचा गुप्तरोगांचा दवाखाना निघाला. ते नाव त्याही आधीच्या एका महारोग्यांच्या आश्रमावरून आलेलं. विशेषनामच आहे, तसंच ठेवा.

छावणीकर
पण आत कोंडलेल्या बाईला तो कुलपाचाच वाटला असणार ना? मला संपादकांची ही चूक चूक वाटत नाही.

कृष्णाकाठ
अनुवादात असं नाही चालत, ताई. मूळ लेखकाने जे म्हटलं तेच.

जुना मिश्रक
रानजाई ताई, एक राहिलं. खुलाशाच्या वाक्यात सिव्हिल ‘ते’ केलंत. आमच्याकडे ‘ती’ आहे.