भिंतीवरील बुरशी काढण्यासाठी २१,४७६ रुपये योग्य आहेत का?

प्रश्न – वरचा मजला, ठाणे

ठाण्यात सात मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आमची सदनिका आहे. या पावसाळ्यात शयनगृहाच्या पश्चिमेकडील भिंतीवर आणि कपाटामागे काळी बुरशी आली असून, छताच्या एका कोपऱ्यातले पोपडे सुटले आहेत. एका व्यावसायिकाने २८० चौरस फुटांसाठी चौरस फुटाला ६५ रुपये, म्हणजे १८,२०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे दरपत्रक दिले आहे. कामाचे वर्णन ‘बुरशीनाशक फवारणी, प्रायमर व दोन हात रंग’ एवढेच आहे. बुरशी मात्र फार तर ३० चौरस फुटांवर असेल. हा खर्च वाजवी आहे का?

उत्तर – निवृत्त स्थापत्य अभियंता

दरात रंगकाम धरलेले असल्याने तो मला चढा वाटत नाही. खटकते ते मोजमाप. ३० चौरस फुटांवरील बुरशीसाठी संपूर्ण खोलीवर फवारणीचा दर लावणे योग्य नाही, म्हणून बुरशी खरवडणे, खराब प्लास्टर काढून नवे करणे आणि रंगकाम यांचे दर वेगवेगळे मागवावेत. प्लास्टरचा तर दरपत्रकात उल्लेखच नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी कोठून येते, हे कोणी तपासलेले दिसत नाही. नैऋत्य मोसमी पावसाचा मारा आपल्याकडे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींवर सर्वाधिक होतो, आणि बाहेरच्या प्लास्टरमधील भेगांतून किंवा तुळई व विटकाम यांच्या सांध्यातून पाणी आत झिरपते. छताच्या कोपऱ्यातील पोपडे बहुधा गच्चीच्या गळतीमुळे सुटले असावेत. कपाटामागे मात्र केवळ हवा खेळत नसल्यामुळेही बुरशी धरू शकते. तिथली भिंत वरून पुसून कोरडी करून तिच्यावर दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. दुसऱ्या प्रकारात कपाट भिंतीपासून चार-सहा इंच पुढे घेणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे यावर बरेचसे काम भागते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

ओली भिंत रंगवू नये. आता बुरशी काढून घ्या, बाहेरच्या भेगा पाऊस थांबल्यावर परांची बांधून बुजवून घ्या आणि रंग भिंत पूर्ण वाळल्यावर, म्हणजे साधारण दिवाळीनंतर द्या. व्यावसायिकाला हे आवडणार नाही, हे उघड आहे.

उत्तर – गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव

छताच्या कोपऱ्याचा खर्च आपण करूच नये. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्यामुळे वरच्या मजल्यावरील सदनिकेच्या छताचे व त्यावरील प्लास्टरचे नुकसान झाले, तर त्याची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. छायाचित्रांसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची मागणीही त्याच अर्जात करा.

उत्तर – ह्यूस्टनवासी

इंटरनेटवर दिसणारे अमेरिकेतील दर पाहून कोणी घाबरू नये. येथील घरांच्या भिंती बहुतेक जिप्समच्या फळ्यांच्या असतात; बुरशी आत मुरली की फळी कापून फेकावी लागते आणि बीजाणू पसरू नयेत म्हणून खोली प्लास्टिकने बंदिस्त करावी लागते. खर्च तिथे वाढतो. विटा-सिमेंटच्या भिंतीला तेवढे करावे लागत नाही.

येथील दोन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार सुमारे १० चौरस फुटांपेक्षा कमी बुरशी बहुतेक वेळा घरच्या घरी साफ करता येते, आणि मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होऊ शकत असल्याने नुसती फवारणी पुरत नाही, बुरशी प्रत्यक्ष काढावी लागते. दुसरे असे, की टेक्सासच्या कायद्यानुसार तपासणी करणाऱ्याला त्याच प्रकल्पातील सफाईचे काम घेता येत नाही. तसा नियम आपल्याकडे नसला, तरी ओलीचे कारण शोधायला वेगळा माणूस बोलवावा.

उत्तर – निवृत्त स्थापत्य अभियंता

सहमत. घरी सफाई करायची असल्यास एन-९५ मास्क व हातमोजे वापरावेत आणि ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे ॲसिड मुळीच मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. व्यावसायिकाकडून हमी घेणार असाल, तर तिच्यात ‘गळती वगळून’ असे शब्द आहेत का, हे सहीपूर्वी वाचा. ते असतील तर आपल्या भिंतीसाठी त्या हमीचा उपयोग नाही.