कोडिंग सहाय्यकाचा खर्च नेमका कुठे होतो, हे कसे शोधावे?

प्रश्न
आमच्या चमूतील सहा जण एपीआयच्या (प्रोग्रामना क्लॉडशी जोडणाऱ्या सेवेच्या) एकाच चावीवर, म्हणजे एकाच प्रवेशसंकेतावर, क्लॉड कोड हा अँथ्रॉपिक कंपनीचा कोडिंग सहाय्यक वापरतात. महिनाअखेरीस एकच रक्कम समोर येते आणि कोणत्या कामाला किती टोकन (मजकुराचे छोटे तुकडे, ज्यांवर आकारणी होते) लागले, हे त्यातून उमगत नाही. सहकाऱ्यांवर पाळत ठेवण्याची इच्छा नाही. खर्चाचे मूळ तेवढे कळावे. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १
सर्वांत आधी ती सामायिक चावी बंद करा. प्रकल्पागणिक वेगळे वर्कस्पेस (खात्यातील स्वतंत्र कप्पा) आणि वेगळी चावी घेतली, की अँथ्रॉपिकच्या कन्सोलवरच (खाते सांभाळण्याच्या संकेतस्थळावरच) खर्चाची विभागणी दिसू लागते, शिवाय वर्कस्पेसला खर्चाची मर्यादाही घालता येते. संपूर्ण चमूचा आलेख हवा असेल, तर क्लॉड कोडमधील ओपनटेलिमेट्री (वापराचे आकडे बाहेर पाठवण्याची सोय) सुरू करून आकडे प्रोमिथियस व ग्राफाना या आकडे साठवणाऱ्या व आलेख काढणाऱ्या साधनांकडे पाठवावेत. त्यात प्रॉम्प्टचा (सहाय्यकाला दिलेल्या सूचनेचा) मजकूर मुळात नोंदवला जात नाही, तो मुद्दाम चालू करावा लागतो, त्यामुळे पाळतीची तुमची शंकाही मिटेल.

प्रतिसाद २
वरील सल्ला योग्यच आहे, मात्र एकूण टोकनांच्या बेरजेवर विसंबू नका. इनपुट (पाठवलेले), आउटपुट (उत्तरात आलेले), कॅशेमध्ये (पुन्हा वापरासाठीच्या तात्पुरत्या साठ्यात) लिहिलेले आणि कॅशेतून वाचलेले टोकन हे चार रकाने वेगवेगळे पाहावेत, कारण चारही रकान्यांचा दर निराळा असतो. समजा, संभाषणात ८०,००० टोकनांचा संदर्भ (आधीचा सारा मजकूर) साचला आहे आणि आपण केवळ एका चलाचे नाव बदलायला सांगितले, तरी तो सारा संदर्भ पुन्हा पाठवला जातो. कॅशे जिवंत असेल, तर वाचनाचा दर मूळ इनपुटच्या एक दशांश असल्यामुळे भार ८,००० टोकनांइतकाच पडतो. पण कॅशेची नेहमीची पाच मिनिटांची मुदत उलटून गेली असेल, तर तोच संदर्भ सव्वापट दराने नव्याने लिहिला जातो, म्हणजे भार १,००,००० टोकनांचा होतो. म्हणून काम बदलताना 'क्लियर' ही आज्ञा देऊन नवे सत्र सुरू करण्याची सवय लावावी, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. प्रत्येकाने आपापल्या संगणकावर हे चार रकाने कसे पाहावेत?

प्रतिसाद २
'सीसीयूसेज' हे मुक्तस्रोत साधन वापरावे. क्लॉड कोड संगणकावर ठेवत असलेल्या सत्रांच्या नोंदी वाचून ते दिवसवार व सत्रवार तक्ता देते. त्यातील रक्कम दरपत्रकावरून काढलेला अंदाज असतो; देयकाशी ताळा मात्र कन्सोलवरच्या आकड्यांवरूनच घ्यावा.