पेशींची संख्या वाढते, मग गर्भ मोठा का होत नाही?

प्रश्न
बारावीला जीवशास्त्र शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, की फलनानंतर पहिले चार दिवस पेशींची संख्या सतत वाढत असेल, तर युग्मनज (फलनातून बनलेली पहिली पेशी) आणि मोरुला (चौथ्या दिवशीचा पेशींचा गोळा) यांचा आकार जवळपास सारखाच कसा? मी दिलेल्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही. जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

उत्तर १
विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. एरवी पेशी आधी वाढते आणि मग विभागते. विदलनात, म्हणजे गर्भाच्या या सुरुवातीच्या पेशीविभाजनात, ही मधली वाढच होत नाही. सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाच्या युग्मनजाच्या साधारण दिवसभराने दोन पेशी होतात, तिसऱ्या दिवशी आठ आणि चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा मोरुला, पण हे सगळे एकाच भाकरीचे वाटे असतात. शिदोरी मुख्यतः आईच्या बीजांडातली असते. गर्भाची स्वतःची जनुके जोमाने कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या सुमारास, आणि तोवर बीजांडात साठवलेल्या आरएनए व प्रथिनांवरच कारभार चालतो. शिवाय बाहेरून झोना पेलुसिडा हे आवरण असते. ते गर्भाला बीजांडवाहिनीत वाटेतच चिकटू देत नाही, म्हणून मला ते फार मोलाचे वाटते.

उत्तर २
मी आयव्हीएफ प्रयोगशाळेत काम करते, म्हणून थोडी भर घालते. पाचव्या दिवशी गर्भाच्या आत पोकळी तयार होते (या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात), तिच्यात द्रव साठतो आणि गर्भ खरोखरच फुगतो. सूक्ष्मदर्शकाखाली आधी जाड, चकचकीत कड्यासारखे दिसणारे आवरण तेव्हा ताणून रेघेएवढे बारीक होते, मग एका जागी फाटते आणि गर्भ त्या फटीतून अंग चोरत बाहेर येतो; अर्धा आत, अर्धा बाहेर असताना तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. गर्भाच्या पेशींच्या बाहेरच्या थरापासून पुढे वारेचा मोठा भाग तयार होतो, तर आतल्या पेशीपुंजापासून बाळ.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. मग गर्भधारणेची चाचणी इतक्या लवकर का करत नाहीत?

उत्तर २
कारण चाचणी ज्या एचसीजी संप्रेरकाचा शोध घेते, ते तोवर आईच्या रक्तात पोहोचलेलेच नसते. हे संप्रेरक तोच बाहेरचा थर तयार करतो आणि ते रक्तात मिसळते गर्भ गर्भाशयाच्या अंतःस्तरात रुजू लागल्यावर, म्हणजे फलनानंतर साधारण सहा ते दहा दिवसांनी. त्यामुळे घाईने केलेल्या चाचणीत ‘नाही’ आले, तरी गर्भ राहिलाच नाही असे समजू नये. पाळी चुकल्यावर चाचणी पुन्हा करावी.