मनाला भिडलेली कला आपण कशी जपून ठेवता?

रेघोटी :
एखादे चित्र, छायाचित्र किंवा समोर घडलेला प्रयोग मनात घर करून बसतो आणि त्यातले काहीतरी आपल्यापाशी राहावे असे वाटू लागते. संग्रह मौल्यवान असायलाच हवा असे नाही. आपण काय जपता, कसे जपता आणि ते जपावेसे का वाटले, हे स्वानुभवातून लिहावे, ही विनंती.

माझी सुरुवात चित्रकार दीनानाथ दलालांपासून झाली. त्यांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘दीपावली’ या नियतकालिकाचे काही जुने अंक आजोळच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होते. मुखपृष्ठावरच्या स्त्रीच्या मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारी सलग रेघ मी शाळेत असताना कितीतरी वेळा गिरवली, आणि दर वेळी माझा हात मध्येच अडखळला. पुढे ते मुखपृष्ठ हौसेने फ्रेम करायला दिले, तर दुकानदाराने ते थेट हार्डबोर्डवर चिकटवून टाकले आणि दोन पावसाळ्यांत त्यावर तपकिरी डाग उमटले. तेव्हापासून मी अंकाचे एकही पान सुटे करत नाही. आम्लविरहित कागदात गुंडाळून सारे अंक आडवे ठेवते आणि पावसाळा सरला की सावलीत वारा देते.

निळी शाई :
माझ्याजवळ संग्रह म्हणावा अशी एक वहीच आहे. हातात समई घेतलेल्या स्त्रीच्या प्रसिद्ध चित्राची छापील प्रत तीत चिकटवून मी खाली ‘राजा रविवर्मा’ असे लिहिले होते, कारण लहानपणापासून तसेच ऐकले होते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात मूळ चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा कळले की ते सा. ल. हळदणकरांचे आहे आणि त्यासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. रविवर्मा १९०६ साली निवर्तले. हे चित्र १९४० नंतरचे. ते जलरंगात आहे हे कळल्यावर तर मी थक्क झालो, कारण जलरंगात उजळपणा कागदाच्या पांढरेपणातून राखावा लागतो, आणि इथे ज्योतीआड धरलेल्या बोटांतून लालसर उजेड झिरपताना दिसतो. वहीतले चुकीचे नाव मी एका रेघेने खोडले, पण ते वाचता येईल असेच ठेवले.

कॅमेरावाली :
मी वृत्तपत्रांतली छायाचित्रे कापून ठेवते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची, त्यांनी ‘डालडा १३’ या नावाने काम केलेल्या काळातली दृश्ये पाहिली आणि मला हा नाद लागला. प्रत्येक कात्रणामागे मी पेन्सिलीने दिनांक आणि प्रकाश कोणत्या बाजूने आला असावा याचा अंदाज लिहिते. शाईने लिहिले की ती पुढच्या बाजूला उतरते, हे चार कात्रणे वाया गेल्यावर समजले.

तळकोकण :
मला चित्रकथीबद्दल, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाऊन सांगण्याच्या कलेबद्दल, सांगायचे आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला टिकवून ठेवली आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एका कथेच्या चित्रांच्या संचाला तिथे पोथी म्हणतात. प्रयोगात कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने प्रसंग गाऊन सांगतो.

पहिल्या खेपेला मी एक नवे रंगवलेले चित्र विकत आणले आणि बैठकीत लावले. रंग सुरेख होते, बाजूने रेखलेल्या चेहऱ्यांवरचे मोठे डोळे नजर खिळवत होते, तरीही चित्र मुके वाटत राहिले. वर्षभराने पुन्हा गेलो, तेव्हा एका वयस्कर कथेकरी काकांना तसे सांगितले. ते म्हणाले, “बोलल्याशिवाय तां अर्धांच.” मग त्यांनी माझ्या चित्रातला प्रसंग गाऊन दाखवला, आणि त्यांच्या परवानगीने मी तो ध्वनिमुद्रित केला. राजाचे नाव येताच त्यांचे बोट चित्रातल्या मुकुटावर टेकत होते आणि युद्धाच्या वर्णनात कागद हलकेच थरथरत होता. हे ध्वनिमुद्रणात येणार नव्हते, म्हणून मी त्याच रात्री लिहून काढले.

आता ते चित्र भिंतीवर नाही. लिहिलेली चार पाने आणि ध्वनिमुद्रण यांच्यासह ते एकाच पेटीत आहे, आणि कथा ऐकायची असेल तेव्हाच आम्ही ते बाहेर काढतो.