"व्हिटॅमिन भरून काढा, गोळ्या आपोआप सुटतात" म्हणे!

अर्धविराम:
काल फिरत फिरत एक पोस्ट आली. मनाचे आजार म्हणजे बहुतेकदा कमतरताच, डी आणि बी१२ भरून काढा, डोक्याच्या गोळ्या आपोआप सुटतात. खाली नमस्कारांचे हात आणि 'किती छान माहिती'. झोपच उडाली माझी.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार वर, कधी फार खाली, नऊ वर्षं झाली. त्यावरच्या क्वेटियापिन आणि लॅमोट्रिजिन या गोळ्या घेतो. मध्यंतरी मीही असाच शहाणा झालो होतो. एक मल्टिव्हिटॅमिन, वर फॉलिक ॲसिड, 'नुकसान तर नाही ना' म्हणत. गोळ्यांच्या डबीचा सकाळचा कप्पा दाबूनही बंद होईना. त्यानंतरचे तीन महिने मी खाली खालीच जात राहिलो. डॉक्टरांनी डबी टेबलावर पालथी केली आणि फॉलिक ॲसिडची गोळी बोटाने बाजूला सरकवली. कारण सांगितलं: २०१६ साली छापून आलेली 'सीक्वेल' चाचणी, २०२ रुग्ण, क्वेटियापिनच्या जोडीला लॅमोट्रिजिन. ज्यांना सोबत फॉलिक ॲसिड दिलं, त्यांच्यात लॅमोट्रिजिनचा फायदा दिसलाच नाही. तेव्हा 'नुकसान काही नाही' हे जरा जपून म्हणा.

तिरकीमान:
एका चाचणीवर एवढा आरडाओरडा? तीन महिने खाली गेलात ते त्या गोळीमुळेच, हे तुम्हाला कुणी सांगितलं?
माझ्या बाबांना दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. बोलेनात, नावं विसरायला लागले, पायाला मुंग्या. कुणी बी१२ तपासलं नाही. बाबा डायबेटिससाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनवर, त्याने बी१२ कमी होतं हे तरी माहीत असायला हवं ना? शेवटी मीच हट्टाने तपासायला लावलं. इंजेक्शनं सुरू झाली आणि दोन महिन्यांत माणूस परत गप्पा मारायला लागला. ती पोस्ट मूर्खपणाची असेल, पण तुम्ही सगळ्यांना एकाच काठीने झोडपताय.

शंकासुर:
बाबा बरे झाले, आनंद आहे. पण ते कमतरतेवरचे उपचार झाले. कमतरता नसलेल्याने मूठभर गोळ्या गिळणं वेगळं. डी बघा: २०२० साली आलेला अभ्यास, पन्नाशीपुढचे १८,३५३ लोक, रोज २००० युनिट, पाचएक वर्षं. डिप्रेशन टळण्यात काडीचा फरक नाही.

तिरकीमान:
त्यातल्या बहुतेकांना डीची कमतरता नव्हतीच! आणि तो प्रश्न टाळण्याचा होता, उपचारासोबत घेण्याचा नव्हता. अर्धवट वाचून तोंडावर आकडे फेकू नका. लायनस पॉलिंगसारखा दोनदा नोबेल मिळालेला माणूस १९६८ पासून सांगत होता की मोठ्या डोसात व्हिटॅमिन दिली तर मनाचे आजार सुधारतात.

शंकासुर:
एक नोबेल रसायनशास्त्राचं, दुसरं शांततेचं. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीने मोठ्या डोसांचा हा 'मेगाव्हिटॅमिन' दावा तपासून फेटाळला. शांततेचं नोबेल इथे तुम्हाला मात्र मिळणार नाही.

औषधवाली:
भांडा, पण बायोटिन विसरू नका, केसांसाठी खपतं ते व्हिटॅमिन. माझी बहीण मूड सांभाळणाऱ्या लिथियमवर. केस गळायला लागले म्हणून १० मिलिग्रॅम बायोटिनची 'केसांची गोळी' सुरू केली. रोजची गरज असते ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे तीनशेपट! लिथियमने थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून रक्तातलं टीएसएच तपासतात; थायरॉइड मंदावलं की ते चढतं. रिपोर्ट नॉर्मल. बाई मात्र सुजलेली, सुस्त, सारखी रडवेली. 'डिप्रेशन परत आलं' म्हणून डोस वाढला. बायोटिनमुळे काही पद्धतींच्या तपासण्यांत टीएसएच खोटंच कमी दिसतं. गोळी बंद करून परत तपासलं, तर टीएसएच चांगलंच चढलेलं.

अर्धविराम:
हेच! न सांगता घेतलं की असं होतं.

औषधवाली:
सांगायला कुणी विचारलं होतं? पाच मिनिटांत रुग्ण उरकायचा, 'अजून काय घेता' हा एक प्रश्न जड होतो. मी औषधांच्या दुकानात बसते. लोक मला सांगतात, डॉक्टरांना नाही.

शंकासुर:
मग तुम्ही बहिणीला का नाही सांगितलंत?

औषधवाली:
कारण तिने ऑनलाइन मागवली आणि मलाही सांगितलं नाही. झालं समाधान?

शंकासुर:
म्हणजे डॉक्टरांनी मनकवडं व्हायचं?

तिरकीमान:
रक्त काढणाऱ्याने तरी विचारावं! उपाशीपोटी आलात का, एवढंच विचारतात.

अर्धविराम:
अहो, विषय पोस्टचा होता…

औषधवाली:
तुमच्या पोस्टपेक्षा हे जास्त घरांत घडतं. बरं, तिरकीमान, बाबांच्या मुंग्या गेल्या का?

तिरकीमान:
गेल्या होत्या. चारेक महिन्यांपासून परत आल्यात. बी१२ छान आहे. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे असेल.

औषधवाली:
असेलही. पण अजून काय देताय? बी६ किती आहे त्यात? जास्त बी६ महिनोन् महिने गेलं की त्यानेही नसा दुखावतात, मुंग्या येतात.

तिरकीमान:
बघून सांगते.

तिरकीमान:
दोन बाटल्या आहेत. 'नसांसाठी' म्हणून मीच आणलेल्या. एकीत १००, दुसरीत ५० मिलिग्रॅम.

औषधवाली:
त्या वयात गरज दोन मिलिग्रॅमचीही नाही. आज डॉक्टरांना फोन करा, दोन्ही बाटल्यांचे फोटो पाठवा.

तिरकीमान:
करते. शंकासुर, काही बोलू नका.

शंकासुर:
बोललो का मी?

तिरकीमान:
आणि बी१२ बद्दल माझंच बरोबर होतं.

अर्धविराम:
होतं. मान्य. पोस्ट टाकणाऱ्याचं नव्हतं.