दोन नवे टायर पुढे टाकले आणि गाडी ओळखीची राहिली नाही. दोष कुणाचा?

घोडबंदरकर
पुढच्या चाकांवर ओढणारी साधी हॅचबॅक. पुढचे टायर गुळगुळीत झाले म्हणून दोनच नवे घेतले आणि पुढेच बसवले. मागे जुनेच आहेत, नक्षी ३ मिमी असेल-नसेल. साइज तोच, ब्रँडही तोच. अलाइनमेंट-बॅलन्सिंग तिथेच करून घेतलं. तरी स्टेअरिंग सैल धरलं की गाडी डावीकडे जाते, ७०च्या पुढे तरंगल्यासारखी वाटते. आणि परवाच्या पावसात पाम बीच रोडवर वळणाला मागची बाजू चक्क सुटली. जुन्या टायरवर असं कधी झालं नव्हतं! दुकानदार म्हणतो, "५०० किलोमीटर चालवा साहेब, टायर बसतील." काका म्हणतात, नवे टायर मागे टाकायला हवे होते. कुणाचं ऐकायचं?

स्पॅनर१३
काकांचं. आपल्याकडे 'नवे पुढे, जुने मागे' हे बाळकडूच आहे, पण टायर कंपन्या स्वतः उलटं सांगतात: दोनच घेतले तर ते मागे. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्ही पाय काढता, वेग उतरतो, पकड परत येते. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि तेव्हा नेमकं काय करायचं हे आपल्यातल्या शंभरातल्या नव्वदांना येत नाही. मलाही भरवसा नाही. तुमच्या पुढच्या टायरला साधारण ८ मिमी खोल खाचा आहेत, ते पाणी झटकतात. मागचे त्याच पाण्यावर तरंगतात. पाम बीचवर तेच झालं.

वाशी-ठाणे अपडाऊन
कंपन्या वातानुकूलित ऑफिसात बसून सांगतात. ब्रेकचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर, वळवायचं पुढच्यांनी, ओढायचंही पुढच्यांनीच. आणि तिथे झिजके टायर ठेवायचे? गायमुखच्या चढावर पावसात भरलेली गाडी घेऊन जा, पुढची चाकं जागेवर फिरायला लागली की कळेल. रोज ऐरोलीच्या सिग्नलला पुढचा अचानक थांबतो, तिथे मला मागची पकड नको, ब्रेक हवाय. गाडी फिरण्याइतका वेग आपल्याला मिळतोच कुठे? शिवाय आता गाड्यांना ईएसपी असतं.

स्पॅनर१३
दादा, ईएसपी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतं. त्या चाकाखाली पकडच नसेल तर ते तरी काय करणार? ब्रेकचा मुद्दा मान्य. पण त्याचं उत्तर 'पुढचे टायर संपेपर्यंत ताणू नका' हे आहे. दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागे करत राहिलात तर चारही एकत्र झिजतात आणि हा वादच उरत नाही. वेगाचं म्हणाल तर ह्यांची गाडी सुटली ती पाम बीचवर, ऐरोलीच्या सिग्नलला नाही.

वाशी-ठाणे अपडाऊन
एका वळणावरून निकाल देताय. मी गाडी घेतल्यापासून नवे पुढेच टाकतोय, अजून तरी फिरली नाही.

मीराताई कळवा
दोघांचं भांडण चालू द्या, पण त्यांच्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींचं कारण एकच असेलच असं नाही. घोडबंदरकर, आधी हवा मोजा. सकाळी, गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना. टायर रिमवर बसवताना जास्त हवा भरतात आणि पुष्कळदा पोरं ती उतरवायची विसरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा खरा. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. तरंगणं बहुतेक तिथेच सापडेल.

डावीकडे ओढण्याबद्दल: आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे थोडे उतरते असतात, तेवढं धरून चला. त्याहून जास्त असेल तर पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करा. गाडी आता उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरमध्ये, दुकानाने बदलून द्यायला हवा. तरीही डावीकडेच गेली तर अलाइनमेंट, बुश (सस्पेन्शनचे रबरी सांधे) किंवा ब्रेक चिकटतोय. लांब चालवून आल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघा, एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक.

तुर्भे टायरवाला
धंद्यातला म्हणून बोलतो. ५०० किलोमीटरवाली गोष्ट अगदी थाप नाही. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेलं द्रव्य सुरुवातीला वर असतं, आणि नव्या नक्षीचे ठोकळे उंच असल्याने स्टेअरिंग थोडं मऊ लागतं. ते जातं. पण एका बाजूला ओढणं चालवून जात नाही, उलट टायर खातं. असं सांगून गिऱ्हाईक घरी पाठवणं चूकच. अलाइनमेंटचा प्रिंट मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही. मागच्या चाकांचे आकडे लाल दिसले तर घाबरू नका, बहुतेक लहान गाड्यांना मागे ॲडजस्टमेंटच नसते. पुढचा टो, म्हणजे चाकं किती आत-बाहेर वळलीत तो आकडा, हिरव्यात असला पाहिजे आणि स्टेअरिंग मधोमध.

आणि नवे मागे टाका म्हटलं की गिऱ्हाईक मलाच विचारतं, "येडा समजलास का?" मग मी पुढे टाकतो. दहा मिनिटांचं भांडण कोण करणार?

स्पॅनर१३
म्हणजे पटतंय, पण टाकत नाही! शाब्बास.

घोडबंदरकर
सकाळी हवा मोजली. चारही चाकांत ४२ पीएसआय, स्टिकरवर ३३. उतरवून आनंदनगरपर्यंत फेरी मारली, तरंगणं गेलं. ओढणं आहे तसंच. मागच्या टायरवर चार आकडे आहेत, २७१८. ह्याचा अर्थ?

मीराताई कळवा
२०१८ सालचा २७वा आठवडा. नक्षी ३ मिमी म्हणजे कायद्याच्या १.६ मिमीच्या वर आहे खरी, पण इतक्या जुन्या रबराची पावसातली पकड कमी होते. त्यात हवा ४२. मागची सुटली ह्यात नवल नाही.

वाशी-ठाणे अपडाऊन
घ्या! म्हणजे दोष मागच्या म्हाताऱ्या टायरांचा, पुढच्या नव्यांचा नाही. मागे दोन नवे घ्या, पुढचे जिथे आहेत तिथे राहू द्या.

स्पॅनर१३
खिशात पैसे असतील तर जरूर. पण तोवर पावसाळा थांबणार आहे का? आजच नवे मागे करा, ते जुने पुढे घेऊन सावकाश चालवा आणि महिन्याभरात ते काढा.

वाशी-ठाणे अपडाऊन
२०१८चे टायर पुढे घेऊन पावसात ब्रेक मारायचा? हा सल्ला तुम्हालाच लखलाभ.

घोडबंदरकर
मागच्या दोघांचे पैसे पगारानंतर. आधी डावी-उजवी अदलाबदल करून बघतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही, 'आउटसाइड' लिहिलंय. चालेल ना?

तुर्भे टायरवाला
चालेल. बाण असता तर रिमवरून उतरवून उलटा चढवावा लागला असता. 'आउटसाइड'वाला चाकासकट बाजू बदलतो, ती अक्षरं बाहेर दिसत राहिली की झालं. नट गाडी खाली टेकवून पान्याने नीट आवळा, नुसत्या गनवर सोडू देऊ नका.